कोरड्या विहिरीचा हिशेब

तेलशोधाच्या अर्थशास्त्राचा विचार करताना सी. जॅक्सन ग्रेसन यांचा १९६० सालचा ‘डिसिजन्स अंडर अनसर्टन्टी’ हा ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही. ग्रेसन यांनी अमेरिकेतील स्वतंत्र तेलव्यावसायिकांपुढे काल्पनिक प्रस्ताव ठेवले: इतका खर्च, इतकी शक्यता, इतका लाभ, विहीर खणाल का? उत्तरांवरून त्यांनी प्रत्येकाच्या जोखीम पेलण्याच्या वृत्तीचा आलेख काढला. आलेख एकसारखे नव्हते. म्हणजे ‘जास्तीत जास्त नफा’ हे सर्वांसाठी एकच उद्दिष्ट नव्हे.

याचे कारण साध्या हिशेबात सापडते. समजा, विहिरीचा खर्च २ कोटी, तेल लागण्याची शक्यता १० टक्के आणि लागल्यास मिळकत ३० कोटी. सरासरीने विहिरीमागे १ कोटी नफा. पण ज्याच्या गाठीला २० कोटीच आहेत, त्याच्या दहाही विहिरी कोरड्या जाण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. सरासरी खरी ठरेपर्यंत तो धंद्यात टिकायला हवा ना! तेच पैसे त्याने चाळीस विहिरींत चौथाई भागीने घातले, तर सगळे बुडण्याची शक्यता दीड टक्क्यावर येते.

माझा आक्षेप या दीड टक्क्याला आहे. प्रत्येक विहीर म्हणजे स्वतंत्र फासा, असे मानले तरच तो निघतो. एकाच खोऱ्यात तसे नसते. ज्या खडकात तेल तयार होते तो मूळ खडकच तिथे नसेल, तर चाळीसही विहिरी कोरड्या. भागीदारीने दुर्दैव वाटून घेता येते; अज्ञान नाही. माणसाचे धाडस कितीही बारकाईने मोजले, तरी हिशेबाचा पाया भूवैज्ञानिकाचा अंदाजच राहतो.

म्हणून खणण्याआधी जाणून घेण्यावर केलेला खर्च नफ्यातून वजा करायची रक्कम नसून नियोजनाचा गाभा आहे. मुंबई हायचा क्रमही हेच सांगतो: १९६०च्या दशकात सोव्हिएत साहाय्याने समुद्रतळाचे भूकंपीय सर्वेक्षण, १९७४ साली ‘सागर सम्राट’ने खणलेल्या विहिरीत तेल, १९७६ साली उत्पादन. तिथे पैसा सरकारचा होता. एका कोरड्या विहिरीने सरकार बुडत नाही. मात्र तो तोटा करदात्याच्या माथी येतो, आणि त्याच्या धाडसाचा आलेख कोणी काढलेला नसतो.