सुरभी कमलाबाई आणि आमचा नाट्येतिहास

मराठी रंगभूमीवर पहिली स्त्री केव्हा आली, हा प्रश्न आमच्या नाट्यसमीक्षेत वारंवार चर्चिला गेला आहे. त्याचे उत्तर देताना कोणी एकोणिसाव्या शतकात निघालेल्या केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्यांकडे बोट दाखवितो. कोणी दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई गोखले यांचे स्मरण करतो. तर कोणी १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने सादर केलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’तील ज्योत्स्नाबाई भोळ्यांच्या बिंबेपाशी येऊन थांबतो. ही तिन्ही उत्तरे आपापल्या परीने योग्यच आहेत. तथापि हैदराबादेत राहून या प्रश्नाचा विचार करू लागले म्हणजे एक चौथे नाव पुढे येते आणि मूळ प्रश्नच आम्ही काहीसा अपुरा विचारला होता की काय, अशी शंका मनात उभी राहते. ते नाव सुरभी कमलाबाईंचे होय.

तेलुगु वाचकांस या नावाची ओळख करून देण्याचे कारण नाही. तेलुगु बोलपटाची पहिली नायिका म्हणून ते तेथे सर्वतोमुखी आहे. मराठी वाचकांस मात्र ते बहुधा अपरिचित असेल, आणि या अपरिचयाचा जाब आम्ही आमच्याच इतिहासलेखनास विचारला पाहिजे. कारण ज्या ‘सुरभी’ नाटक मंडळीत कमलाबाई वाढल्या, ती तेलुगु भाषेतून नाटके करीत असली तरी तिची कुटुंबे आरे मराठी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजातील होत. मराठ्यांच्या फौजांबरोबर आपले पूर्वज दक्षिणेत आले, असे या समाजाची परंपरा सांगते. पुढे त्यातील काही कुटुंबांनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ हाच आपला व्यवसाय केला. आमच्या कुडाळनजीकच्या पिंगुळीस ठाकर मंडळींनी जपलेली कला आणि आंध्रातील हा ‘तोलुबोम्मलाट’ या दोहोंची जातकुळी एकच होय.

१८८५ साली कडपा जिल्ह्यातील सुरभी या गावी वनारस गोविंदराव यांच्या पुढाकाराने ‘कीचकवधम्’ हे नाटक झाले. पडद्यामागे बाहुल्या नाचविणारी माणसे स्वतःच पडद्यापुढे आली आणि गावाचे नाव मंडळीस मिळाले. पुढे एका मंडळीच्या अनेक मंडळ्या झाल्या. एके काळी त्यांची संख्या तीसहून अधिक होती, आणि त्या सर्व परस्परांच्या नात्यागोत्यातल्याच होत्या. या मंडळ्यांनी आपल्या घरच्या स्त्रियांना फार लवकर रंगभूमीवर आणले. पुरुषाने लुगडे नेसून नायिका व्हावे, हा त्या काळचा सर्वमान्य संकेत त्यांनी मोडला.

हा संकेत त्यांना मोडता आला, याचे कारण कोणते? आमच्याकडे स्त्रीचा रंगभूमीवरील प्रवेश हा सामान्यतः सुधारणेच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून सांगितला जातो. सुरभीच्या बाबतीत तो निकष लागू पडत नाही. तेथे ना कोणी चळवळ केली, ना कोणी जाहीरनामा काढला. आमच्या मते या घटनेचे मूळ बाहुल्यांच्या खेळातच आहे. त्या खेळात सीतेचे व द्रौपदीचे बोलणे व गाणे पडद्याआडून घरची स्त्रीच म्हणत असे. स्त्रीचा आवाज या कलेत आधीपासून होता; केवळ देह पुढे यावयाचा राहिला होता. मराठी नाटक कंपनी ही परक्या पुरुषांचे एक बिऱ्हाड होती. सुरभीची कंपनी म्हणजे एक नांदते घरच होते. घराने मिळून करावयाच्या धंद्यात घरची सून वा लेक बाजूस कशी राहणार?

अशा घरात १९०७ साली कमलाबाईंचा जन्म झाला. त्या जन्माविषयी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. आई वेंकूबाई दमयंतीची भूमिका करीत असताना रंगमंचावरच त्यांना कळा सुरू झाल्या व तेथेच कन्या जन्मली. प्रेक्षकांस तो नाटकाचाच भाग वाटला, अशी ती कथा आहे. तिच्यातील तपशील अक्षरशः खरा किती, या वादात आम्ही शिरत नाही. परंतु ही कथा नेहमी नवल म्हणून सांगितली जाते आणि तिच्यातील खरे मर्म तसेच राहून जाते, याकडे आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे. दिवस भरलेली स्त्री त्या रात्रीही उभी राहून दमयंती करीत होती, कारण तिच्यावाचून खेळ होणार नव्हता आणि खेळावाचून घर चालणार नव्हते. सुरभीने स्त्रीला रंगभूमी दिली हे खरे. पण ती चुलीइतकीच अपरिहार्य म्हणून दिली, हेही तितकेच खरे. रंगमंचावरील तिचे श्रम आणि घरातील तिचे श्रम यांत तेथे कोणी भेद केला नाही. तिला संरक्षण लाभले ते याच एकरूपतेमुळे, आणि तिची कला तिच्या स्वतःच्या नावावर फारशी जमा झाली नाही तीही याचमुळे.

कमलाबाई या नियमास अपवाद ठरल्या. बालपणी त्यांनी कृष्ण, प्रल्हाद अशा भूमिका केल्या. एच. एम. रेड्डी यांनी मुंबईत तयार केलेल्या ‘भक्त प्रल्हाद’ या पहिल्या तेलुगु बोलपटात त्या हिरण्यकशिपूची राणी लीलावती, म्हणजे आमच्या परिचयाची कयाधू, झाल्या. धर्मवरम् रामकृष्णाचार्युलूंचे जे नाटक सुरभी मंडळी रंगभूमीवर करीत असे, त्याच्याच आधारे हा बोलपट निघाला होता. जी मुलगी प्रल्हाद झाली होती, तीच आता प्रल्हादाची माता झाली. त्याच सुमारास ‘पादुका पट्टाभिषेकम्’मध्ये त्यांनी सीतेची, तर ‘शकुंतला’मध्ये शकुंतलेची भूमिका केली. पुढे काही वर्षे त्यांनी मुंबईत राहून हिंदी बोलपटांतही कामे केली. १९५१ सालच्या ‘पाताळ भैरवी’त त्या नायक तोटा रामुडूची आई होत्या. १९७७ साली त्यांचे निधन झाले.

‘भक्त प्रल्हाद’ची कथाही इतिहासकारास काही शिकविणारी आहे. तो १९३१च्या सप्टेंबरात प्रकाशित झाला, असे दीर्घकाळ मानले जात होते. रेंटाल जयदेव या संशोधकाने पुराव्यानिशी दाखवून दिले की, तो ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रकाशित झाला. सर्वांनी मान्य केलेली तारीखही पुन्हा तपासावी लागते. मग सर्वांनी मान्य केलेल्या सीमा का तपासू नयेत?

येथे आम्हांस दोन कमलाबाई एकमेकींसमोर उभ्या दिसतात. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये आई दुर्गाबाई पार्वती झाली व कन्या कमला मोहिनी. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली आणि पुढे दीर्घकाळ मराठी स्त्रीसौंदर्याचा आदर्श एका पुरुषाच्या अभिनयात पाहिला गेला. कमलाबाई गोखल्यांना जी वाट काढावी लागली ती या आदर्शाच्या विरुद्ध होती. सुरभीच्या कमलाबाईंना ती वाट घरातच आखलेली मिळाली. एकीस समाजाशी झगडावे लागले. दुसरीस झगडावे लागले नाही, म्हणून तिच्या कर्तृत्वाची आम्ही दखलच घेतली नाही. झगडा हाच जर आमचा एकमेव मानदंड असेल, तर परंपरेच्या पोटातून शांतपणे घडलेले परिवर्तन आमच्या दृष्टीस कधीच पडणार नाही.

एक आक्षेप येथे संभवतो. तेलुगु नटीला मराठी म्हणून मिरविण्याचा हा खटाटोप नव्हे काय? मुळीच नव्हे. कमलाबाईंची वाणी, त्यांचा प्रेक्षक व त्यांचे यश ही तेलुगु रंगभूमीची व बोलपटाची संपत्ती आहे. तिच्यावर हक्क सांगणे अशिष्टपणाचे होईल. आमचे म्हणणे इतकेच की, मराठी नाटकाचा इतिहास आणि मराठी घरांतील नाटकाचा इतिहास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला आम्ही लिहिला. दुसरा लिहावयाचा राहिला आहे.

तो लिहिण्यास हैदराबादेसारखे स्थान दुसरे नाही. सुरभीची अनेक कुटुंबे या शहराच्या लिंगमपल्ली भागात स्थायिक झाली आहेत. त्यांचे ‘मायाबजार’ येथील रंगमंचांवर अनेक वर्षे रंगत आले आहे. बी. व्ही. कारंतांसारख्या दिग्दर्शकाने १९९०च्या दशकात त्यांच्याबरोबर काम केले, आणि त्यांच्यापैकी आर. नागेश्वरराव यांस २०१३ साली पद्मश्री मिळाली. मराठी अभ्यासकाने मात्र या घरांतील वृद्ध स्त्रियांपाशी बसून त्यांच्या आयांनी व आज्यांनी कोणकोणत्या भूमिका केल्या, हे अद्याप पुरेसे विचारलेले नाही. आमच्या शाळा-महाविद्यालयांतील अध्यापकांनी हे काम अंगावर घ्यावे. वेंकूबाईंची दमयंती कशी होती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. परंतु तिच्या नातींच्या पिढीची सुभद्रा व शशिरेखा कशी होती, हे सांगणारे आवाज अजून विचारणाऱ्याच्या पोहोचेत आहेत.