घडविलेले शस्त्र आणि दिलेले शस्त्र : कथनातील लोहाराचे स्थान

पालीच्या बल्लाळेश्वर मंदिरात एक युरोपीय बनावटीची मोठी घंटा आहे. १७३९ च्या वसईविजयानंतर चिमाजी अप्पांनी ती देवाला अर्पण केली, अशी परंपरा आहे. चर्चची घंटा ही मुळात मागणीवरून ओतली जाणारी वस्तू. कोणीतरी ती मागितलेली असते, वजन आणि आकार ठरविलेला असतो, कोणीतरी ती ओतलेली असते. पालीच्या परंपरेत मात्र मागणारा नाही आणि ओतणाराही नाही. आहे तो जिंकणारा आणि अर्पण करणारा. वस्तूचे चरित्र ती हस्तगत झाली त्या क्षणापासून सुरू होते. हा विस्मृतीचा अपघात आहे, की वस्तूविषयी बोलण्याची ही एक नियमबद्ध रीत आहे, हा प्रश्न कथनमीमांसेच्या कक्षेत येतो.

व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली अद्भुतकथेची जी ३१ कार्ये निश्चित केली, त्यांतील चौदावे कार्य म्हणजे नायकाला जादूचे साधन मिळणे. हे साधन दिले जाते, दाखविले जाते, तयार केले जाते, विकत घेतले जाते, अकस्मात सापडते, हिसकावून घेतले जाते. या यादीत तयार करणे आणि विकत घेणे यांच्या मधली अवस्था म्हणून प्रॉप मागणीवरून करवून घेण्याचा प्रकार नोंदवितात आणि त्यासाठी लोहाराकडून करवून घेतलेल्या साखळीचे उदाहरण देतात. यादीतली ही नोंद लहान आहे. आजच्या अद्भुतरम्य संगणकीय खेळांत मात्र तिलाच मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. खेळाडू खनिज गोळा करतो, नाणी मोजतो, भट्टीपाशी उभ्या असलेल्या लोहाराला पात्याची लांबी, मूठ, मंत्रशक्ती सांगतो आणि केवळ आपल्यासाठी घडलेले शस्त्र घेऊन बाहेर पडतो. येथे नायकाचे नायकत्व दैवी निवडीवर अवलंबून नाही. तो गिऱ्हाईक आहे आणि शस्त्र हे त्याने स्वतःचे काढवून घेतलेले चित्र आहे.

या प्रसंगाचे दूरचे मूळ ‘इलियड’च्या अठराव्या सर्गात दाखविता येते. थेटिस आपल्या मुलासाठी हेफायस्टसकडे शस्त्रे मागते आणि ढाल वाचकासमोर घडत जाते. होमर तयार ढालीचे वर्णन करीत नाही, ती घडविण्याची क्रिया सांगतो, हे लेसिंगने १७६६ मध्ये ‘लाओकून’मध्ये दाखवून दिले. त्यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : कथनात वस्तूला रूप येते ते ती घडविली जात असताना. जेथे घडविणारा नाही, तेथे वस्तूला नाव आणि प्रभाव असू शकतो. रूप असेलच असे नाही.

भवानी तलवारीची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. परमानंदाच्या ‘शिवभारता’त देवी नायकाच्या शस्त्राशी एकरूप होते, पुढच्या काळात देवी स्वहस्ते तलवार देत असल्याचे चित्र लोकमानसात रूढ झाले. इतिहासाभ्यासकांनी याशेजारी वेगळी हकीकत ठेवली आहे : १६५९ साली कोकणच्या स्वारीत सावंतांकडून एक फिरंग मिळाली आणि तिच्यापोटी ३०० होन देण्यात आले. देणे, एकरूप होणे, मोबदला देऊन घेणे, असे प्रॉपच्या यादीतले तीन प्रकार येथे एका शस्त्राभोवती जमले आहेत. घडविणे तेवढे नाही. म्हणूनच कोणती तलवार ‘खरी’, हा वाद कथनाच्या आधारे मिटू शकत नाही. सातारच्या राजघराण्यात जपलेली तलवार आणि कोल्हापूरकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट मिळालेली लंडनची तलवार, या दोहोंवर हक्क सांगितले गेले. मूळचे रायगड जिल्ह्यातल्याच आंबेतचे असलेले मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी १९८० मध्ये लंडनहून तलवार आणण्याची मोहीम जाहीर केली, तेव्हाही चर्चा नावाभोवतीच फिरली. पाते कोणाच्या हातचे, हा प्रश्न कोणाला निकडीचा वाटला नाही.

लोहाराच्या या अनुपस्थितीचे एक स्पष्टीकरण बलुतेपद्धतीत शोधता येईल. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथातून दिसणारा लोहार फाळ, विळा, कुदळ करतो आणि दुरुस्त करतो. त्याला मिळते ते सुगीच्या वेळचे धान्य. हे नाते वंशपरंपरेचे आहे, एकेका वस्तूच्या सौद्याचे नाही. ‘माझ्यासाठी एकमेव’ अशी वस्तू मागण्याचा प्रसंग या व्यवस्थेत विरळाच. ज्याची सेवा गृहीत धरली आहे, त्याच्या दारी नायक याचक म्हणून कसा उभा राहणार? तथापि हे स्पष्टीकरण ताणू नये. कोकणात खोतीमुळे बलुत्याची वीण देशावरच्याइतकी घट्ट नव्हती. शिवाय समाजरचना जशीच्या तशी कथनात उतरत नाही. वैदिक परंपरेत इंद्राचे वज्र त्वष्टा घडवितोच. पण पुराणात त्याच वज्रासाठी अस्थी देणारा दधीची लोकांच्या स्मरणात अग्रभागी येतो आणि कारागीर मागे सरतो. म्हणजे घडविणारा नाहीसा होतो तो केवळ गावगाड्यामुळे नव्हे. दानाला श्रमापेक्षा वर ठेवणाऱ्या मूल्यव्यवस्थेमुळेही.

फिरंग या वस्तूकडे नीट पाहिले तर हे मूल्यांकन किती एकांगी आहे ते कळते. सरळ पाते युरोपातून समुद्रमार्गे येई. मूठ आणि परज येथे बसविली जाई. धार आणि जिल्हई शिकलगाराची. वापरणाऱ्याच्या हाताचे माप येथेच घेतले जाई. शस्त्र ‘त्याचे’ होई ते या टप्प्यावर. मागणीवरून घडविण्याचा प्रसंग इतिहासात होता. कथनाने तो वगळला.

मग खेळातील लोहाराने ही उणीव भरून काढली, असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. तो दिसतो, बोलतो, पण ठरावीक वाक्येच बोलतो. तो नकार देत नाही, उशीर करीत नाही, त्याचे पाते भट्टीत बिघडत नाही. हेफायस्टसने ढालीवर काय काढावे हे थेटिस सांगत नाही. खेळाडू मात्र सगळेच सांगतो. कारागिराचा स्वतःचा निर्णय ज्या कथनात उरत नाही, तेथे त्याची उपस्थिती नाममात्र ठरते. देवीने दिलेल्या तलवारीत लोहार झाकला गेला. ग्राहकाने मागविलेल्या तलवारीत तो यंत्र झाला. दोन्ही ठिकाणी कर्तृत्व अखेर शस्त्र धारण करणाऱ्याकडेच जाते.

मराठी समीक्षेने ऐतिहासिक कादंबरीचा विचार बहुधा नायकाच्या उदात्तीकरणाच्या अंगाने केला. त्याच संहितांतील वस्तू कोठून येतात, कोणाच्या हातून येतात आणि कोठे त्यांचे मूळ पुसले जाते, अशी पाहणी केल्यास त्या उदात्तीकरणाची यंत्रणा अधिक स्पष्ट होईल. पालीची घंटा ओतणाऱ्याचे नाव त्यामुळे हाती लागणार नाही. पण ‘जिंकून आणली’ या दोन शब्दांनी किती गोष्टी झाकल्या आहेत, ते मोजता येईल.