रणगाड्यांच्या लहान प्रतिकृति : जुन्या आणि नव्या

खेळण्यांच्या दुकानांत मिळणाऱ्या वस्तूंची समीक्षा वाङ्मयविषयक मासिकांत कशाला, असा प्रश्न कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, मूळ वस्तु आणि तिची प्रतिकृति असा संबंध जेथें आला, तेथें समीक्षेचा अधिकार आलाच. मुळांतलें काय घ्यावें, काय सोडावें, आणि सोडलेल्याची भरपाई कशानें करावी, हा प्रश्न कादंबरीकारास जितका पडतो तितकाच प्लॅस्टिकचा तळहाताएवढा रणगाडा घडविणाऱ्या कारागिरासहि पडतो. फरक एवढाच कीं, येथें मूळ वस्तु फूटपट्टीनें मोजतां येते. या विषयांतले आजचे जाणकार जुन्या संचांची कुचेष्टा करितात, तर कांहीं वयस्क शौकीन त्याच संचांचीं स्तोत्रें गातात. दोघांच्याहि बोलण्यांत खरें किती आहे, हें तपासून पाहण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम थोडा इतिहास. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थानें १९३९ सालीं इंग्लंडांत एअरफिक्स ही कंपनी स्थापन केली. तिनें १९६१ सालीं पँथर व शर्मन या रणगाड्यांचे जुळणीचे संच विकावयास काढले. त्यांचें प्रमाण १/७६ होतें. हा आंकडा चमत्कारिक दिसतो. पण त्यास कारण आहे. इंग्लंडांतील खेळण्यांच्या आगगाड्या फुटास चार मिलिमीटर या मापानें घडविल्या जात, आणि त्या मापाचा अर्थ सुमारें १/७६ असाच होतो. विमानांच्या प्रतिकृतींत मात्र सहा फुटांस एक इंच, म्हणजे १/७२, हें माप रूढ होतें. पुढें जपानच्या हासेगावा, इटलीच्या एस्की, जर्मनीच्या रेव्हेल आणि हाँगकाँगच्या ड्रॅगन या कंपन्यांनीं रणगाड्यांसहि हेंच दुसरें माप लाविलें, आणि अलीकडे खुद्द एअरफिक्सनेंहि शर्मन फायरफ्लायचा नवा संच याच मापांत काढला. आगगाडीचा शेजार सोडून रणगाडा विमानाच्या शेजारीं जाऊन बसला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

जुन्या संचांचे दोष लपविण्यांत अर्थ नाहीं. त्यांचे पट्टे मऊ, लवचिक प्लॅस्टिकचे असत. त्यांस गोंद चिकटत नसे, रंग टिकत नसे, आणि त्यांचीं टोकें तापलेल्या स्क्रूड्रायव्हरनें वितळवून जोडावीं लागत. मडगार्डाची जाडी प्रतिकृतींत एक मिलिमीटर ठेविली, तर तिचा अर्थ खऱ्या रणगाड्यावर ७६ मिलिमीटर होतो. वास्तविक मडगार्ड म्हणजे साधा पत्रा! चाकांचीं अंतरें, बुरुजाचा उतार, यांतहि अनेक ठिकाणीं चुका आढळत. येथें आम्हीं दोन प्रकारचे दोष वेगळे करूं इच्छितों. साच्याच्या मर्यादेमुळें जें सोडावें लागलें, तो एक. आणि मूळ वस्तु नीट न पाहिल्यामुळें जें चुकलें, तो दुसरा. पहिला क्षम्य आहे. दुसऱ्यास जुनेपणाचें पांघरूण घालणें हें स्तोत्र गाणाऱ्यांचें भाबडेपण होय.

नव्या संचांचा खरा विजय कोणता? पुष्कळ जण तोफेच्या तोंडाकडे बोट दाखवितात. सरकत्या साच्यांमुळें तोफेची नळी आतां मुखापाशीं पोकळ येते. टायगरची तोफ ८८ मिलिमीटर व्यासाची. १/७२ प्रमाणांत तें छिद्र सव्वा मिलिमीटरहून किंचित् कमी होतें, आणि तें पाहून कारागिराचें कौतुक वाटतें, हें खरें. परंतु आमच्या मतें खरा विजय पट्ट्यांत आहे. टायगरचें वजन सुमारें ५७ टन. अशा यंत्राचा पोलादी पट्टा स्वतःच्या भारानें चाकांवर झोळ घेऊन पडतो. जुना मऊ पट्टा रबराच्या पट्ट्यासारखा ताणून बसे, आणि त्यामुळें सबंध रणगाडा पोकळ खोक्यासारखा हलका भासे. नव्या संचांत पट्ट्याचे कडक तुकडे व सुट्या कड्या जोडून तो झोळ तंतोतंत दाखवितां येतो, आणि तो दिसतांच त्या इवल्याशा वस्तूस वजन येतें. येथें अचूकपणा हा सत्याच्या सेवेस लागला आहे.

पण हाच न्याय सर्वत्र लावतां येईल काय? अकराव्या शतकांत क्षेमेंद्रानें औचित्य हा काव्याचा प्राण मानला. प्रतिकृतीच्या औचित्यास तर एक मोजमापहि आहे. हातभर, म्हणजे साठ सेंटिमीटर, अंतरावरून १/७६ प्रमाणाची प्रतिकृति पाहणें हें खरा रणगाडा सुमारें ४५ मीटरांवरून पाहण्यासारखें आहे. इतक्या अंतरावरून पट्ट्याचा झोळ दिसतो, बुरुजाचा उतार दिसतो. पण फावडें अडकविण्याच्या चिमट्याचा खिळा दिसत नाहीं. असें असतां नवे संच तोच चिमटा पितळेच्या कोरीव पत्र्यांतून कापून, वांकवून, बसविण्यास सांगतात. तो बसविणाऱ्याचे डोळे शिणतात आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांस त्याचा पत्ताहि लागत नाहीं. सुट्या भागांची संख्या हीच गुणवत्तेची खूण मानणें म्हणजे शब्दसंख्येवरून कादंबरीची थोरवी ठरविण्यासारखें आहे.

ज्यांस या कसोटीविषयीं शंका असेल त्यांनीं अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथील रणगाड्यांच्या संग्रहालयांत एकदां जाऊन यावें. १९९४ सालीं स्थापन झालेल्या या संग्रहालयांत चर्चिल आणि सेंच्युरियन हे रणगाडे उभे आहेत, आणि एअरफिक्सनें त्या दोहोंच्याहि प्रतिकृति काढल्या होत्या. दुरून प्रथम मनावर ठसतो तो आकाराचा बोजा. खिळे, चिमटे, सांखळ्या या गोष्टी जवळ गेल्यावर एकामागून एक उलगडतात. उत्तम प्रतिकृतीनें हाच क्रम पाळावयास हवा.

जुन्या संचांच्या बाजूनें आणखी दोन गोष्टी सांगणें न्यायाचें होईल. पहिली अशी कीं, ते नवशिक्यास आपलेसे वाटत. थोडके भाग, मोकळी जुळणी, आणि एका संध्याकाळींच पुरें होणारें काम. १९७० नंतरच्या दशकांत निघालेल्या मॅचबॉक्सच्या संचांत तर दोन रंगांचें प्लॅस्टिक असे. रंगाची डबी नसलेल्या मुलाचाहि रणगाडा त्यामुळें अगदींच ओका दिसत नसे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याच मॅचबॉक्सच्या संचांत रणगाड्याबरोबर भूमीचा एक तुकडाहि येई. रणगाडा हा शून्यांत उभा नसतो. तो कोणाच्या तरी शेतांतून, कोणाच्या तरी दारावरून जात असतो, ही जाणीव त्या स्वस्त तुकड्यानें मुलास दिली. आजच्या पुष्कळशा संचांत पोलादाची प्रत्येक पुरवणी असते, पण पायाखालची जमीन नसते. युद्धयंत्राच्या प्रतिकृतींत ही उणीव आम्ही लहान मानीत नाहीं. संहाराचें साधन केवळ सुंदर कारागिरी म्हणून पाहण्याची संवय लावणें, हा मापांतल्या चुकीहून मोठा दोष होय.

तेव्हां आमचा निर्णय असा : घडणीच्या दृष्टीनें नवे संच श्रेष्ठ आहेत, आणि जुन्यांच्या चुका चुकाच आहेत. परंतु काय सोडावें याची समज जुन्यांस अधिक होती, मग ती साच्याच्या दारिद्र्यामुळें आलेली कां असेना. नव्या कारागिरांस आज कांहींच सोडणें भाग नाहीं. म्हणूनच सोडण्याचा विवेक आतां त्यांनीं स्वतः शिकला पाहिजे. त्यांनीं पट्ट्याचा झोळ ठेवावा, चिमट्याचा खिळा सोडावा, आणि त्याच्या जागीं हातभर जमीन द्यावी. मग दहा वर्षांचा मुलगा आणि त्याचे वडील एकाच मेजाशीं बसून तो संच पुरा करतील, आणि दोघांसहि आपण काय घडविलें हें कळेल.