गोरिलाचे पिल्लू आले कोठून?

प्राण्यांविषयी कुतूहल आणि माया एकाच वेळी जागी करणारे लेखक फार थोडे. जेराल्ड ड्युरेल त्यांपैकी एक. १९२५ साली जमशेदपूरला जन्मलेल्या या इंग्रज लेखकाची पुस्तके ज्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या हाती दिली असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच त्यांच्या ‘मिनॅजरी मॅनर’ (१९६४) या पुस्तकातील एका प्रकरणाची येथे जरा कसून तपासणी करायची आहे. सुमार पुस्तकातले दोष वाचकाला सहज दिसतात. चांगल्या पुस्तकात लेखकाच्या नजरेतून जे निसटते, ते वाचकाच्याही नजरेतून निसटते.

इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील जर्सी बेटावर ड्युरेल यांनी १९५९ साली स्वतःचे प्राणिसंग्रहालय उघडले. नामशेष होऊ घातलेल्या जातींचे प्रजनन करणे हा त्यामागचा हेतू होता. पैशांची कायमची चणचण. अशात एका प्राणी-व्यापाऱ्याकडून गोरिलाचे मादी पिल्लू विकत घेण्याची संधी आली. ड्युरेल यांनी बेटावरच्या धनिकांकडे वर्गणी मागितली आणि एन्पाँगो नावाचे ते पिल्लू घरी आले. पिंजरा तयार होईपर्यंत त्याचा मुक्काम पाहुण्यांच्या खोलीत! हे सारे ड्युरेल इतक्या रंगून सांगतात की वाचक हसतो, पिल्लाच्या प्रेमात पडतो आणि वर्गणी देणाऱ्यांना मनोमन शाबासकी देतो.

या हसण्यात एक साधा प्रश्न मागे पडतो. व्यापाऱ्याकडे ते पिल्लू आले कोठून?

याचे उत्तर प्राणिशास्त्रात आहे. गोरिलाचे पिल्लू तीन-चार वर्षे आईचे दूध पिते आणि तिच्या अंगाखांद्यावर वाढते. कळपाचा प्रमुख असलेला पाठीवर रुपेरी केस असलेला नर कळपासाठी जिवावर उदार होतो. आई जिवंत असताना तिचे पिल्लू हाती लागणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे त्या काळी पिल्लू मिळवण्याची नेहमीची रीत म्हणजे आईला, आणि आडवे येतील त्या इतरांनाही, ठार मारणे. १९६९ साली कोलोन येथील प्राणिसंग्रहालयासाठी रुवांडात पकडलेली कोको आणि पकर ही दोन पिल्ले डायन फॉसी यांनी शुश्रूषा करून जगवली. ती पकडताना त्यांच्या कळपांतील किती प्रौढ प्राणी मारले गेले, ते फॉसींनी ‘गोरिलाज इन द मिस्ट’ (१९८३) या पुस्तकात नोंदवले आहे. ही पिल्ले पुढे कोलोनला गेली आणि १९७८ साली दोन्ही मेली.

गोरिलाची मादी साधारण दहाव्या वर्षी पहिल्यांदा विते आणि नंतर चार-पाच वर्षांनी एक पिल्लू देते. तेव्हा एक आई मारली जाणे म्हणजे पुढील वीस वर्षांतली पिल्लेही जाणे. शिवाय पकडलेले प्रत्येक पिल्लू गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. समजा, पकडलेल्यांपैकी निम्मी जंगलापासून बंदरापर्यंतच्या वाटेवर दगावतात आणि उरलेल्यांपैकी निम्मी बोटीवर. मग विकल्या गेलेल्या एका पिल्लामागे चार पकडलेली असतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. गिऱ्हाइकाला दिसतो तो वाचलेला प्राणी. न वाचलेले त्याच्या समोर कधी येतच नाहीत.

यावर नेहमीचे उत्तर असे : पिल्लू तर पकडले गेलेच आहे. आपण नाही घेतले तर दुसरा घेईल आणि हालात ठेवील. त्या एका पिल्लापुरते हे म्हणणे खरे आहे, म्हणूनच ते मनाला पटते. पण व्यापारी पिल्लू विकून थांबत नाही. मिळालेल्या पैशातून तो पुढच्या पिल्लाची मागणी नोंदवतो. रिकामा झालेला पिंजरा पुन्हा भरतो. आपण एका प्राण्याला सोडवतो आणि त्याच पैशाने दुसऱ्याला पकडण्याची सोय करतो.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. एन्पाँगोला आणि तिच्यासाठी सोबत म्हणून आणलेल्या नांदी या दुसऱ्या मादीला १९७३ साली जर्सीत पिल्ले झाली. म्हणजे खरेदी सार्थकी लागली नाही का? प्रजनन झाले हे निर्विवाद. पण पिल्लांचा बाप जांबो हा नर १९६१ साली बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेला होता. तो जर्सीला आला तेव्हा त्याच्यासाठी आफ्रिकेत कोणी बंदूक उचलली नाही. त्याचे आईबाप कधीकाळी जंगलातूनच आले होते, हेही खरे. तरीसुद्धा संग्रहालयांनी आपापसांत प्राण्यांची देवघेव करावी, हा मार्ग त्यातून स्पष्ट दिसतो. शेवट गोड झाला म्हणून सुरुवात निर्दोष ठरत नाही.

ड्युरेल यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून त्यांचेच दुसरे पुस्तक शेजारी ठेवू. ‘गोल्डन बॅट्स अँड पिंक पिजन्स’ (१९७७) मध्येही ते प्राणी पकडायलाच निघतात. पण येथे मॉरिशस सरकारशी विचारविनिमय आहे, कोणत्या जातीचे किती प्राणी न्यायचे याचा विचार आहे, आणि मधे व्यापारी नाही. पुढे पिंजऱ्यात वाढवलेली गुलाबी कबुतरे मॉरिशसच्या रानात सोडण्यात आली. १९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरलेल्या या पक्ष्यांची संख्या नंतर काही शेकड्यांवर गेली. माणूस तोच, प्राण्यांवरील प्रेमही तेच. फरक पडला तो प्राणी मिळवण्याच्या मार्गाने. पहिल्या पुस्तकाची खरी टीका त्यांच्याच दुसऱ्या पुस्तकात आहे.

‘हे सारे जुने झाले, आता कायदे आहेत,’ असे कोणी म्हणेल. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा ‘साइटीस’ करार १९७५ पासून लागू आहे आणि भारत १९७६ पासून त्यात सामील आहे. तरीही २००२ साली नायजेरियातून गोरिलाची चार पिल्ले मलेशियातील ताइपिंगच्या प्राणिसंग्रहालयात पोचली. ती इबादानच्या प्राणिसंग्रहालयात जन्मली, असे कागदोपत्री दाखवले होते. प्रत्यक्षात तेथे एकच म्हातारी मादी होती! २००७ साली ही पिल्ले अखेर कॅमेरूनला परतली. ‘पिंजऱ्यात जन्मलेला’ हा शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. तो तपासून पाहायचा दावा आहे.

आपल्याकडे गोरिला कोणी पाळत नाही. पण इग्वाना, आफ्रिकेचा करडा पोपट, बॉल पायथन यांना शहरांत गिऱ्हाईक आहे. आपला १९७२ चा वन्यजीव कायदा मुख्यतः देशी प्राण्यांसाठी होता. २०२० साली केंद्र सरकारने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांच्या मुदतीत नोंद करण्यास सांगितले, आणि मुदतीत नोंद करणाऱ्याला प्राणी कोठून आणला याची कागदपत्रे मागितली नाहीत. कायद्यातील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि साइटीसच्या यादीतील प्राण्यांची नोंद बंधनकारक झाली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण प्राणी कोणाकडे आहे हे नोंदवहीत कळते. तो कसा मिळवला हे विचारण्याचे काम घेणाऱ्यालाच करावे लागते.

‘मिनॅजरी मॅनर’ वर्गात जरूर वाचावे. गोरिलाच्या प्रकरणाशी आल्यावर मुलांना मनसोक्त हसू द्यावे आणि मग तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. हा प्राणी जन्मला कोठे? त्याची आई कोठे आहे? आपण दिलेल्या पैशाचे पुढे काय होईल? हेच प्रश्न विद्यार्थ्याने बाजारात पिंजऱ्यापुढे उभे राहून दुकानदाराला विचारावेत. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर रिकाम्या हाताने परत यावे. पिंजऱ्यातल्या त्या प्राण्याकडे पाठ फिरवणे सोपे नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे.