ध्रुपद धरणारी पोरं

बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते एकमेकांना छेदतात, ते आमचं तेलगाव. तिथं पोरांना भजन शिकवायला वर्ग भरत नसे. सप्त्यात संध्याकाळी हरिपाठाच्या रांगेत उभं करायचे, गळ्यात टाळ अडकवायचे. शेजारच्याचे पाय बघत पावली टाकायची. रात्री कीर्तनाला टाळकऱ्यांत कडेची जागा. कीर्तनकार बुवांनी चरण सोडलं की मागच्यांनी ध्रुपद, म्हणजे अभंगाचं पालुपद, धरायचं, तेही बुवांच्या पट्टीत. ती बहुधा काळी चारच्या आसपास! कुणी जास्तच जोर लावला तर म्हातारे टाळकरी नुसतं वळून बघत. तेवढं पुरे व्हायचं.

पुढं शिकायचं तर आळंदी. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षं ज्ञानेश्वरी, गाथा आणि चालींचा अभ्यास, पोटाला माधुकरी. जोगांचे शिष्य बंकटस्वामी आमच्या जिल्ह्यातल्या नेकनूरचे. त्यामुळे बीडकरांना आळंदी कधी लांब वाटली नाही. आणि भजन घेऊन परमुलखात जाणंही आम्हाला नवं नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडांत टाळ असायचेच.

इथं परमुलखात चालणाऱ्या आपल्या मंडळाच्या बालभजनी वर्गाचं मला कौतुक वाटतं ते यासाठी. इथं सप्ता नाही, रोजचा हरिपाठ नाही, रविवारचा शाळेचा हॉल तेवढा. मुलं अभंग रोमन लिपीत लिहून आणतात, 'ळ' चुकतो. चुकू द्या. मला काळजी होती ध्रुपदाची. इथल्या मुलांना एकट्यानं स्टेजवर गाण्याची सवय; आपला आवाज बाकीच्यांत मिसळून टाकायचा हे त्यांना पटेना. वर्गाच्या गुरुजींनी कागद काढून घेतले आणि महिनाभर नुसता टाळ वाजवायला लावला. डावा हात स्थिर, उजव्यानं ठोका, कान पखवाजाकडे. मग ध्रुपद आपसूक जमलं. एकाचा आवाज फुटला तेव्हा त्याला घरी न बसवता पखवाजावर बसवलं. थेट गावाकडची रीत. आमच्या टाळकऱ्यांत मुली नसायच्या, इथं त्या पहिल्या रांगेत आहेत. हे गावाकडेही व्हावं.

येत्या आषाढीला पालकांनी मोबाइल धरून समोर उभं राहू नये, मुलांच्या मागं उभं राहावं. खालच्या पट्टीतले चार गळे कमी पडताहेत.