‘स्काल्ड’ आणि अनलंकृत स्वराचा प्रश्न

नॉर्वेतील ‘वार्द्रुना’ या डार्क फोक वृंदाने २००९ ते २०१६ या काळात प्राचीन रूनाक्षरांवर आधारलेली तीन ध्वनिमुद्रिकांची मालिका सिद्ध केली. ढोल, शिंगे, गजवाद्ये, समूहस्वर आणि निसर्गात टिपलेले ध्वनी यांचे थरावर थर देऊन ती रचलेली आहे. २०१८ च्या ‘स्काल्ड’ने हे बहुतेक सारे दूर सारले. वृंदाचा प्रवर्तक आयनार सेल्विक येथे एकटा गातो. साथीला लायरसारखे एखादेच वाद्य असते. वृंद आपल्या आरंभीच्या ओबडधोबड नादाकडे परतला, असे यावरून सहज म्हटले जाईल. ते तितकेसे खरे नव्हे. पहिली ध्वनिमुद्रिकाही पुरेशी दाट विणीची होती. ‘स्काल्ड’ मागे वळते ती वृंदाच्या पूर्ववयाकडे नव्हे, तर त्याने ज्या कवींचा वारसा सांगितला त्यांच्याकडे.

या वळणाचा खरा लाभ संगीतापेक्षा भाषेला झाला आहे. २०१३ च्या ‘इग्द्रासिल’मधील ‘फेहू’ हे गीत येथे पुन्हा येते, त्यामुळे तुलनेची आयतीच सोय होते. फेहू हे पहिल्या रूनाक्षराचे पुनर्रचित नाव. अर्थ गुरेढोरे, आणि त्यावरून धन. संस्कृत ‘पशु’ हा त्याचा सगोत्र शब्द होय. मूळ ‘प’काराचा जर्मानिक शाखेत ‘फ’कार होणे हे ग्रिमच्या नियमाचे सर्वपरिचित उदाहरण. जुन्या पाठात हे नाव ढोलांच्या आघातांत केवळ घोष म्हणून उरते. नव्या पाठात ते शब्द म्हणून कानी पडते.

‘सोनाटोरेक’मध्ये ही गोष्ट अधिक जाणवते. दहाव्या शतकातील आइसलँडचा कवी एगिल स्काल्लाग्रिम्सन याचा पुत्र समुद्रात बुडाला. एगिलने अन्न वर्ज्य करून मरणाची वाट धरली. कन्येने त्याला युक्तीने दूध पाजले व भावासाठी काव्य रचण्यास प्रवृत्त केले, अशी कथा त्याच्या सागात आहे. तीन व चार अक्षरांच्या एकाआड एक ओळी आणि आघातयुक्त आद्यवर्णांचा अनुप्रास यांवर हे शोककाव्य उभे आहे. इतक्या आखूड ओळीत एक व्यंजन बुडाले तरी बांधणी निखळते. म्हणून येथे एकाकी कंठ ही आवड नसून गरज आहे. सेल्विकने ती ओळखली, ही त्याच्या कर्तृत्वाची खूण मानली पाहिजे.

मात्र या साधेपणाला कोणी प्राचीनतेचा पुरावा समजू नये. स्काल्डांची कविता गाइली जाई की नुसती म्हटली जाई, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही; त्या काळचे स्वरलेखनही नाही. ‘सोनाटोरेक’चा संपूर्ण पाठ तर सतराव्या शतकातील प्रतींतूनच हाती येतो. तेव्हा ‘स्काल्ड’मधील चाली आजच्या, उच्चार आजच्या गायकाचे, आणि तो कच्चा नादही ध्वनिमुद्रणगृहात विचारपूर्वक निवडलेला आहे. (कच्चेपणा टिकविण्यास कसब लागते, हे लोकसंगीताच्या संपादकांस ठाऊक असतेच.) असे असूनही तो खोटा वाटत नाही, कारण त्यामागे छंदाची निकड आहे. जेथे ती निकड नाही, तेथे हीच पद्धती एकसुरी होते आणि श्रोत्याला ढोलाची आठवण होऊ लागते.

२०२१ च्या ‘क्वित्राव्न’मध्ये वृंद पुन्हा समूहस्वरांकडे वळला.