साक्ष कोणाची? पंडिता रमाबाईंच्या प्रार्थनेविषयी

आज आपल्याला पंडिता रमाबाईंच्या एका छोट्या पुस्तकाविषयी बोलायचं आहे. पण सुरुवात एका शब्दापासून करू. शब्द आहे 'आशा'.

मराठीत या शब्दाची पत जरा कमीच, हे कधी लक्षात आलंय का तुमच्या? आपण 'आशापाश' म्हणतो, 'आशाळभूत' म्हणतो. अमक्याला आशेला लावून ठेवलंय म्हटलं की त्यात फसवणुकीचा वास येतो. संतमंडळींनी तर आशेला तृष्णेच्या शेजारी नेऊन बसवलं. ती सुटेल तेव्हा जीव मोकळा होईल. आणि मराठी चर्चमध्ये जाऊन बसा, तिथे हाच शब्द विश्वास आणि प्रीती यांच्या पंक्तीला मानानं बसलेला दिसतो. तिथे आशा सोडायची नसते, घट्ट धरायची असते. एकोणिसाव्या शतकात जो मराठी माणूस ख्रिस्ती झाला, त्याला आपल्याच भाषेतला एक शब्द उलटा करून वापरावा लागला. रमाबाईंना तर जास्तच, कारण पुराणं त्यांच्या तोंडात होती. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या कलकत्त्यात त्यांना उगाच मिळाल्या नव्हत्या.

पुस्तक १९०७ सालचं. 'अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर'. इंग्रजीत लिहिलेलं. आपण त्याला सोयीसाठी 'साक्ष' म्हणू. साक्ष हा ख्रिस्ती मंडळींचा ठरलेला प्रकार आहे: आधी मी असा होतो, मग देव भेटला, आता असा आहे. एकदा साचा ठरला की पुढची वाक्यं आपोआप येतात, आणि म्हणूनच बहुतेक साक्षी वाचवत नाहीत, हे मी स्पष्टच सांगतो. रमाबाईंची का वाचवते, आणि कुठे वाचवत नाही, ते पाहायचं आहे.

या पुस्तकाचे दोन प्रकारचे वाचक आहेत, आणि दोघंही निम्मंच पुस्तक वाचतात. मिशनची पत्रकं वाचणारा म्हणतो: बाईंनी गुडघे टेकले, धान्य आलं. सुधारणेचा इतिहास वाचणारा म्हणतो: बाईंनी विधवांना आश्रय दिला, त्यांना विणकाम, छपाई, तेलघाणी शिकवली, प्रार्थना वगैरे त्यांची खाजगी बाब. पहिल्याला सेवा हे प्रार्थनेचं फळ वाटतं, दुसऱ्याला प्रार्थना हे सेवेवरचं वेष्टन वाटतं. पुस्तकातला क्रम मात्र या दोघांना गैरसोयीचा आहे.

तो क्रम बघा. सगळ्यात आधी येते भूक. आई-वडील, भाऊ, बहीण यांच्याबरोबर रमाबाई तीर्थाटन करत हिंडत. वडील अनंतशास्त्री डोंगरे देवळात, घाटावर बसून पुराण सांगत; जे पुढ्यात पडेल त्यावर गुजराण. मग १८७०च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ आला. होतं ते सगळं देवाला आणि ब्राह्मणांना वाहून झालं, जप झाले, उपास झाले, मूर्तींपुढे दिवस काढले. शेवटी कुटुंब मरायलाच रानात गेलं. पानं आणि पाणी यावर त्यांनी दिवस काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. मुलगा म्हणाला, मी जातीचा अभिमान सोडतो, मजुरी करतो. पण उशीर झाला होता. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. १८९७च्या दुष्काळात रमाबाईंनी या आठवणींवर वेगळी पुस्तिकाच लिहिली, तीही जरूर वाचा.

म्हणजे या बाई प्रार्थनेकडे येतात त्या पूर्णपणे फसलेल्या प्रार्थनेच्या अनुभवातून. ज्याची प्रार्थना कधी रिकामी परत आली नाही, त्यानं आशेवर बोलणं सोपं असतं. इथे तसं नाही. त्या हे हिंदू देवांच्या खात्यावर टाकतात, खोटे देव म्हणून मोकळ्या होतात, आणि त्या जागी मला त्यांचं पटत नाही. कारण तोच हिशेब पुढे कोणी ख्रिस्ती देवाला लावला तर? दुष्काळात ख्रिस्ती माणसंही मेलीच. हा प्रश्न 'साक्ष' विचारत नाही. पण ती भूक इतकी खरी लिहिली आहे की प्रश्न वाचकाच्या मनात राहतोच.

यानंतर सेवा येते. अजून श्रद्धा नाही, सेवाच. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहत होत्या. तिथून त्यांना लंडनजवळ फुलहॅमला पाठवलं, तिथलं काम पाहायला. ज्या बायकांना आपल्याकडे आणि तिकडेही 'पतित' म्हणून दार बंद होतं, त्यांची ती वस्ती. सिस्टर्स त्यांच्यात वावरतात, त्यांच्याशी प्रेमानं बोलतात, हे रमाबाईंनी पाहिलं आणि त्या थक्क झाल्या. धर्मशास्त्र त्यांनी भरपूर वाचलं होतं. अशा बाईशी प्रेमानं वागा असं कुठे वाचलेलं त्यांना आठवेना. त्यांनी विचारलं, असं का करता? तेव्हा एका सिस्टरनं योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा. त्याच वर्षी बाप्तिस्मा झाला.

मला हा पुस्तकाचा कणा वाटतो. हातानं चाललेलं काम आधी दिसलं, त्याचं कारण विचारलं, कारण म्हणून एक गोष्ट मिळाली. केडगावला पुढे 'कृपासदन' निघालं, अशाच बायकांसाठी. त्याचं मूळ फुलहॅमच्या त्या खोल्यांत आहे.

बरं, बाप्तिस्मा झाला म्हणून प्रार्थना आली का? तेही नाही. त्या स्वतःच सांगतात की धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मधली सात-आठ वर्षं त्यांची डोक्यानं मानलेली श्रद्धा आहे. सिस्टर जेराल्डीनशी झालेला पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनात १९७७ साली छापून आला. त्यात बाई किती वाद घालतात ते पाहा. चर्चचा अधिकार का मानू? त्रैक्य कशावरून? सिस्टर बिचारी हैराण. (हशा) हसू नका, त्या वादावादीमुळेच नंतरच्या प्रार्थनेला वजन आलं. आज्ञाधारकपणातून आलेली प्रार्थना ती नव्हे.

मधल्या काळातलं शारदासदन तुम्हाला माहीत आहे. ११ मार्च १८८९, मुंबई, नंतर पुण्यात. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं वचन. पण बाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. मुली येऊन बसायच्या. १८९३ला वादळ उठलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'नं झोडपलं. दार उघडं ठेवणं हा प्रचार की प्रामाणिकपणा? मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. माझं मत असं की बारा वर्षांच्या विधवा पोरीला जगात एकच बाई मायेनं वागवत असेल, तर त्या बाईच्या खोलीचं उघडं दार ही साधी गोष्ट राहत नाही. रमाबाईंना हे कळलं नसेल असं मानणं त्यांच्या बुद्धीचा अपमान ठरेल. आणि हेही खरं की दार बंद करून प्रार्थना करा, असं सुचवणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या पोरींना आपल्या घरात घेतलं असतं?

आता सगळ्यात अवघड जागा. १८९६ साली लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचं शिबिर होतं. रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या. ख्रिस्ताचा स्वीकार केलेल्या तेवढ्याच होत्या. पहाटे रानात जाऊन त्यांनी प्रार्थना केली: पुढच्या शिबिरापर्यंत या संख्येचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. मागणं इतकं नेमकं! पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाई स्वतः गेल्या, मदत-छावण्या पाहिल्या, उपाशी मुली, बायका गोळा केल्या. सुमारे तीनशे जणी आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर नेलं. तिथून 'मुक्ती' उभं राहिलं. आणि 'साक्ष' म्हणते, मागणं पुरं झालं.

इथे थांबलंच पाहिजे. दोनशे पंचवीसचा आकडा कशानं भरला? दुष्काळानं. देवानं प्रार्थना ऐकली असं म्हणायचं, तर मध्य प्रांतात मेलेल्या माणसांचं काय म्हणायचं? मिशनरी वाचक इथे टाळ्या वाजवतो. मला ते पान वाचताना दर वेळी अवघडल्यासारखं होतं, आणि ते तसं व्हावं असंच मला वाटतं. या गणिताला माफी देऊ नये.

पण मग त्याच्या आसपासची पानं वाचा. छावण्यांत तरुण मुलींचं काय होतं, मुकादम काय करतात, कोण कशासाठी पोरी उचलून नेतं, हे पाहणारी नजर त्या पानांत आहे. ती नजर गणित करणाऱ्या बाईची नाही, रानात पानं खाऊन राहिलेल्या मुलीची आहे. स्वतःच्या दुष्काळातून वाचलेली बाई दुसऱ्यांच्या दुष्काळात गेली. मला विचाराल तर पुस्तकातली आशा इथे आहे. आकडा विसरून जा.

आणि बाई गुडघे टेकून गप्प बसणाऱ्या नव्हत्या. अमेरिकेतल्या रामाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं, ते संपणार १८९८ला. त्याआधीच त्यांनी केडगावची जमीन घेऊन फळबाग लावली, उत्पन्न यावं म्हणून. जॉर्ज म्यूलरचं चरित्र त्यांनी वाचलं होतं, कोणाकडे न मागता देवाकडे मागायचं हे त्यांना पटलं होतं. तरी झाडं लावली. १८९७ला प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत आपल्या मुलीचे हाल झाले तेव्हा 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिलं, ते प्रकरण थेट पार्लमेंटपर्यंत गेलं. प्रार्थनेमुळे माणूस सोशीक होतो म्हणतात. या बाईंच्या बाबतीत तसा काही पुरावा मिळत नाही.

पुस्तकाची खरी उणीव वेगळीच आहे. मुलींचा आवाज. मुक्तीत शेकडो जणी होत्या, शतक बदललं तेव्हा संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. पण 'साक्षी'त त्या एकत्र येतात, एकत्र जेवतात, एकत्र प्रार्थना करतात. १९०५च्या जागृतीच्या वर्णनांतही तेच: घोळका रडतो, घोळका गातो. एखादी म्हणाली असेल का, बाई, मला जेवण हवंय, प्रार्थना नको? म्हणाली असेल तर ती पुस्तकात नाही. सेवा घेणारीची साक्ष कोणी लिहून ठेवली नाही.

याच्याशेजारी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवून पाहा, १९३४पासून आलेली. तीही ख्रिस्ती घराचीच कथा. घरात परक्याची मुलं सतत, बालकवी ठोंबरेसुद्धा तिथेच राहिलेले. पण लक्ष्मीबाईंकडे सेवेला स्वयंपाकघराचा वास आहे. टिळकांनी कोणाला तरी घरी आणायचं आणि डब्यात पीठ किती आहे हे लक्ष्मीबाईंनी पाहायचं. त्या चिडतात, हसतात, रुसतात. सेवा करणाऱ्याला कंटाळा येतो हे रमाबाई लिहू शकल्या नसत्या. एक तर स्वभाव तसा नव्हता. दुसरं म्हणजे त्यांचं पुस्तक इंग्रजी वाचकासाठी होतं, जो देणगीही देणार होता. देणगीदारासमोर माणूस कंटाळ्याबद्दल बोलत नाही, आजही नाही. लक्ष्मीबाई मराठीत, आपल्या माणसांशी बोलत होत्या.

म्हणून 'साक्ष' वाचून झाल्यावर रमाबाईंनी पुढे काय केलं हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या मराठीकडे परतल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर हाती घेतलं, पंडितांसाठी नाही, केडगावच्या बायकांना वाचता येईल अशा साध्या मराठीत. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी. १९०७च्या पुस्तकात ज्या गप्प आहेत, त्या इथे खिळे जुळवतात, प्रुफं काढतात. २४ जुलै १९२१ला मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी, सगळं काम जिच्यावर सोपवायचं ठरलं होतं ती. त्या दुःखावर रमाबाईंनी दुसरी 'साक्ष' लिहिली नाही. भाषांतराचं काम चालू ठेवलं. ५ एप्रिल १९२२ला त्याही गेल्या. छापील बायबल त्यांच्यानंतर १९२४ला बाहेर आलं.

काम पुरं होईपर्यंत त्यांनी देवाकडे दिवस मागून घेतले होते, असं भाविक लोक सांगतात. असतील मागितले. पण त्या नऊ महिन्यांत, मुलीच्या मागे, त्या काय म्हणून प्रार्थना करत होत्या, हे मला त्या दोनशे पंचवीसपेक्षा जास्त जाणून घ्यायचं होतं. ते कुठेच लिहिलेलं नाही.

वेळ झाली आहे. कोणाला विचारायचं असेल तर विचारा. विशेषतः लोणावळ्याच्या त्या पानाबद्दल ज्यांना माझं पटलं नसेल त्यांनी आधी.